पुढच्या दोन खोल्या

राजारामपुरीत मारुतीच्या देवळामागच्या गल्लीत त्र्यंबक आणि कालिंदीबाईंनी घर बांधलं ते त्रेसष्ट साली. त्र्यंबक पाटबंधारे खात्यात कारकून, कालिंदीबाई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. दोघांचे पगार एकत्र करूनही घर जरा आवाक्याबाहेरच जात होतं. म्हणून नकाशा काढतानाच ठरलं होतं की मागचं स्वयंपाकघर आणि एक खोली आपल्याला, आणि रस्त्याकडच्या पुढच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायच्या. मधे अंगण, अंगणात एकच नळ, तो दोघांत.

वास्तुशांतीला त्र्यंबकचा धाकटा भाऊ अंबादास आला होता. त्याची लक्ष्मीपुरीत दोन घरं होती आणि घरभाड्याच्या व्यवहारात तो चांगलाच पोळलेला होता. त्याच्या दुकानाच्या गाळ्यात एक जण वडिलांच्या वेळेपासून बसला होता, तो ना उठत होता ना भाडं वाढवत होता. जेवणं झाल्यावर पान लावता लावता अंबादासनं भावाला आणि वहिनीला समोर बसवून घेतलं. भाडेकरू बघायचा तर बदलीचा माणूस बघावा, तो म्हणाला, बँकेतला, पोस्टातला, नाहीतर फौजदार. दोन-तीन वर्षांनी सरकारच त्याला उचलून नेतं, आपल्याला तोंड वाईट करावं लागत नाही. गावाकडून पोटासाठी आलेला माणूस चांगला असला तरी घेऊ नये, तो मूळ धरतो. करार अकरा महिन्यांचाच करावा आणि संपला की न विसरता नवा करावा. विजेचं मीटर वेगळं, पावती दर महिन्याला. आणि शेवटी वहिनींकडं वळून त्यानं सांगितलं, "वहिनी, वाटी इकडून तिकडं गेली की घर गेलं असं समजा."

त्र्यंबक हसला. कालिंदीबाईही हसल्या, पण त्यांना ते पटलं होतं.

बदलीचा माणूस काही मिळाला नाही. चौसष्टच्या उन्हाळ्यात आकाराम आला. शाहूवाडीकडचा, मलकापूरच्या पुढं डोंगरात त्याचं गाव. उद्यमनगरात एका इंजिनांच्या कारखान्यात लेथवर लागला होता. बोलायला आखडता, उंच, आणि हात सारखे मागं बांधून उभा राहायची सवय. त्याची बायको तानाबाई पायरीवर बसून राहिली होती, आत यायला तयार नव्हती. त्र्यंबकची पहिली नेमणूक मलकापूरला झाली होती. तिथं तो विषमज्वरानं पडला तेव्हा ज्यांच्या खोलीत राहत होता त्या शेतकऱ्याच्या घरानं त्याला महिनाभर पेज करून घातली होती. मलकापूरचं नाव निघालं आणि अंबादासचं सगळं बोलणं त्र्यंबकच्या डोक्यातून गेलं. करार केला खरा. पण तो पहिलाच आणि शेवटचा.

लीला तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. तिला सांभाळायला येणारी म्हातारी एके दिवशी यायची बंद झाली आणि कालिंदीबाईंची शाळेची वेळ टळत चालली. पोरीला कडेवर घेऊन त्या अंगणात येरझारा घालत होत्या. तानाबाई नळावर कपडे धूत होती. तिनं हात पुसले, काही न विचारता पोर काढून घेतली आणि म्हणाली, "जावा तुम्ही शाळंला. ही काय मला जड न्हाई."

तानाबाईला दोन मुलं झाली होती, दोन्ही राहिली नव्हती. हे कालिंदीबाईंना बऱ्याच दिवसांनी कळलं, तेही आकारामच्या बोलण्यात सहज आलं म्हणून. तोवर लीला पुढच्या खोलीतच जेवायला लागली होती. भाकरी दुधात कुस्करून तानाबाई तिला भरवायची. लीला बोलायला लागली तीच 'न्हाई' आणि 'व्हय' म्हणत, आणि तानाबाईला मावशी म्हणत. कालिंदीबाई संध्याकाळी तिला सुधारायच्या, सकाळी ती परत बिघडायची. मग त्यांनी नाद सोडला. सुगी झाली की गावाकडून तांदूळ यायचा, त्यातलं एक पोतं मागच्या खोलीत येऊन पडायचं. दिवाळीत इकडून लाडू जायचे. वाटी इकडून तिकडं जायला लागली होती आणि घर कुठं जात नव्हतं.

चौऱ्याहत्तर साली त्र्यंबक कचेरीत बसल्या जागी गेला. कालिंदीबाईंना त्या दिवसाचं नीट आठवायचं नाही. आठवायचं ते एवढंच, की आकाराम सतत कुठंतरी होता. दारात, ओसरीवर, पंचगंगेच्या घाटावर. तेराव्यापर्यंत तो कारखान्यात गेला नाही. आणि लीला सगळे दिवस तानाबाईच्या कुशीत झोपली.

दिवस झाल्यावर अंबादासनं भावाची कपाटं आवरली आणि कपाळाला हात लावला. करार पुन्हा केलेला नव्हता, आणि मधल्या काळात कायदाही बदलला होता. करारावर राहणाऱ्यांना त्यानं भाडेकरूच करून टाकलं होतं. आता हे लोक हलायचे नाहीत, अंबादास म्हणाला, तुम्ही मागाल तेव्हाही नाहीत. कालिंदीबाई म्हणाल्या की मला कुठं हलवायचेत. अंबादास चिडला नाही. तो भला माणूस होता, भावाच्या माघारी वहिनीचे टॅक्सचे, पेन्शनचे कागद तोच बघायचा. त्यानं फक्त मान हलवली आणि म्हणाला की वेळ सांगून येत नाही.

लीलाचं लग्न एक्याऐंशी साली झालं. सांगलीचं स्थळ, मुलगा एका गिरणीत हिशेबनीस. पाठवणीच्या वेळी लीला आईच्या पाया पडली, आणि मग मागं वळून तानाबाईच्या गळ्यात पडली ती सुटेना. माणसं ताटकळली. कोणीतरी म्हणालं, "खरी आई कोण कळंना झालंय." सगळे हसले. कालिंदीबाईही हसल्या. पण ते वाक्य त्यांना कुठंतरी लागून राहिलं, आणि त्या दिवसानंतर पुढच्या खोलीत त्यांचं जाणं थोडं कमी झालं. भांडण नाही, काही नाही. नुसतं कमी झालं.

दोन वर्षांनी लीला परत आली. नवऱ्यानं दुसरी बाई घरात आणून ठेवली होती. लीलाच्या कडेवर वर्षाची मुलगी होती आणि हातात एक पिशवी. ती रिक्षातून उतरली तेव्हा कालिंदीबाई शाळेत होत्या. तानाबाईनंच तिला आत घेतलं, पोरीला अंघोळ घातली, लीलाला चहा दिला आणि एक शब्द विचारला नाही.

मागच्या एका खोलीत आता तिघी झाल्या. पोर रात्रभर रडायची, लीला तिला घेऊन स्वयंपाकघरात झोपायला लागली, जमिनीवर, शेगडीपाशी. लीलाला शिवण चांगलं येत होतं. एखादं मशीन घेऊन क्लास काढावा, चार पैसे मिळवावेत असं तिच्या मनात होतं. पण मशीन ठेवायला जागा नव्हती, आणि शिकायला येणाऱ्या मुली मागच्या बोळातून कशा येणार. पुढच्या दोन खोल्या रस्त्याकडच्या होत्या.

कालिंदीबाईंच्या मनात ते आलं. एकदा आलं की जाईना. आकारामनं तोवर कारखाना सोडला होता, छातीचा त्रास होता, खोकत दारात बसलेला असायचा. या माणसांना जा म्हणायचं तर कुठं जा म्हणायचं. एक संध्याकाळ त्या मनाशी ठरवून अंगणापर्यंत गेल्याही. तानाबाई नातीला मांडीवर घेऊन काजळ घालत होती. कालिंदीबाई नळ सोडून हात धुऊन परत आल्या.

त्यांना भीती नकाराची नव्हती, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं. तानाबाई लगेच हो म्हणाली तर काय करायचं, ही ती भीती होती. आधीच त्या बाईचं इतकं घेतलं होतं. पोर वाढवून घेतली, नवऱ्याच्या मरणात त्यांचे हात घेतले. त्यावर आता घर परत द्या म्हणायचं, आणि तिनं दिलं तर तिच्यापुढं आयुष्यभर मान खाली. कायद्यानं मिळालं तर निदान कोणाचे उपकार नाहीत.

त्यांनी अंबादासला बोलावलं. तो आता साठीला आला होता, लक्ष्मीपुरीचा गाळा अजून सुटला नव्हता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे सांगितलं. तोंडी विचारू नका. तोंडी विचारलं की समोरचा सावध होतो, कोणीतरी त्याला सांगतं की उठायचे पैसे माग, आणि मग कोर्टात तुमचंच बोलणं तुमच्यावर उलटतं. वकिलाकडून नोटीस जाऊ दे. नोटीस गेल्यावर त्यांच्याशी बोलणं नको, देणं-घेणं नको, भाडंसुद्धा वकिलाला विचारल्याशिवाय घेऊ नका. पाणी मात्र तोडू नका, कोर्टाला ते चालत नाही. आणि लीलानं पोरीला तिकडं पाठवणं बंद करायचं. पोर तिथं खेळते म्हटल्यावर तुमची अडचण कोणाला खरी वाटणार.

या सगळ्यात चुकीचं असं काही नव्हतं. कालिंदीबाईंनी वकीलपत्रावर सही केली.

नोटीस पोस्टानं आली. एकाच घराच्या मागच्या दारातून पुढच्या दारात, शहरभर फिरून. आकारामनं ती गल्लीतल्या एका मुलाकडून वाचून घेतली आणि घडी करून खिशात ठेवली. संध्याकाळी तो अंगणात आला, हात मागं बांधून उभा राहिला. कालिंदीबाई खिडकीतून बघत होत्या. तो बराच वेळ उभा होता. त्या बाहेर गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी आकारामही वकिलाकडं गेला.

खटला तीन वर्षं चालला. दोन घरांच्या मधे एक अंगण आणि एक नळ. तानाबाई पहाटे पाणी भरून घ्यायची, कालिंदीबाई ती आत गेल्यावर. लीलाचं आईशी बोलणं तुटक झालं. ती म्हणाली होती की मी विचारते, मावशी मला नाही म्हणणार नाही. तेव्हा कालिंदीबाईंनीच तिला अडवलं होतं. नात मात्र कोणाचं ऐकायची नाही. दार उघडं दिसलं की आधी रांगत, नंतर नंतर धावत पुढच्या खोलीत जायची. तानाबाई तिला उचलून अंगणाच्या मध्यापर्यंत आणायची, खाली ठेवायची आणि पाठ फिरवायची. लीला येऊन पोरीला घेऊन जायची. दोघी एकमेकींकडं बघायच्या नाहीत.

कोर्टात तानाबाईची साक्ष झाली त्या दिवशी कालिंदीबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. तानाबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतला होता. तिच्या वकिलानं तिला पढवून आणलं होतं हे उघड दिसत होतं. लीला सासरी नांदते, इथं माहेरपणाला येऊन जाते, मालकिणीला खोल्या जास्त भाड्यानं द्यायच्या आहेत, असं आकारामच्या जबाबात लिहिलेलं होतं.

कालिंदीबाईंचा वकील उलटतपासणीला उठला. लीला फक्त माहेरपणाला येते, हे खरं का, त्यानं विचारलं.

तानाबाई काहीतरी पुटपुटली. न्यायाधीशांनी तिला मोठ्यानं सांगा म्हटलं.

"न्हाई," ती म्हणाली. "ती परत आलीया. कायमची."

"मागच्या खोलीत त्यांची अडचण होते, हे तुम्हाला माहीत आहे?"

"व्हय. पोरगी शेगडीपाशी निजती. ठावं हाय मला."

तिचा वकील उभा राहिला, त्याला बसायला सांगण्यात आलं. न्यायाधीशांनी मग स्वतःच विचारलं की तुम्हाला राहायला दुसरी जागा आहे का. तानाबाईनं त्याचंही खरं तेच सांगितलं, की नाही. मग पिंजऱ्यातून ती कठड्याला धरून खाली उतरली. कालिंदीबाईंच्या बाकाजवळून गेली, पण थांबली नाही. आकारामनं मान वर केली नाही.

निकाल कालिंदीबाईंच्या बाजूनं लागला. गावाकडच्या घरात आकारामचा वाटा कागदोपत्री होता, म्हणून हाल मालकिणीचेच जास्त, असं कोर्टानं धरलं. त्या वाट्यात आकारामच्या भावानं गुरं बांधली होती, ते कागदावर नव्हतं. वकील आकारामला वरच्या कोर्टात चला म्हणत होता. आकाराम त्याला म्हणाला, "बायकूनं सांगितलं ते खोटं हाय म्हणून वर जाऊ व्हय?" आणि तो विषय तिथंच संपला.

त्यानंतर काही दिवसांनी नळावर दोघींची गाठ पडली. या वेळी कालिंदीबाई आत गेल्या नाहीत. तानाबाईनं घागर भरली, चुंबळ डोक्यावर ठेवली, आणि त्यांच्याकडं न बघता म्हणाली, "एकदा दारात यून म्हनाला असता, तानाबाई, लीलीला जागा पायजे, तर मी त्याच दिवशी भांडी बांधली असती. ह्यांनी कुरकुर केली असती, पर मी बांधली असती."

घागर आत गेली आणि दार लोटलं गेलं.

ज्या दिवशी ते गेले त्या दिवशी अंबादास कुलूप घेऊन हजर होता. ताबा समक्ष घ्यायचा, खोल्या मोकळ्या बघूनच घ्यायचा, असं तो म्हणत होता, आणि ते बरोबरच होतं. एका टेम्पोत सगळा संसार मावला. कळंब्याला तळ्याच्या पलीकडं पत्र्याची एक खोली त्यांनी घेतली होती. लीला मागच्या खोलीतून बाहेर आलीच नाही. तानाबाईनं खोल्या झाडून काढल्या, चौकट ओल्या फडक्यानं पुसली, आणि किल्ली अंबादासला न देता कालिंदीबाईंच्या हातात दिली.

"नळाचा वायसर गेलाय," ती म्हणाली. "बदलून घ्या, न्हाईतर पानी गळत ऱ्हातंय."

मग ती टेम्पोत पुढं न बसता मागं, भांड्यांजवळ बसली.

लीला पुढच्या खोल्यांत राहायला गेली खरी. मशीन आलं, पाटी लागली, चार-पाच मुली यायला लागल्या. पण तिचं चित्त लागलं नाही. भिंतीत जिथं तानाबाईचा देव्हारा होता तिथं चुन्याचा रंग वेगळा दिसायचा, त्यावर लीलानं कॅलेंडर लावलं, मग ते काढलं. वर्ष पुरं व्हायच्या आत तिला गारगोटीला एका संस्थेच्या शिवणवर्गात नोकरी लागली. मशीन आणि मुलगी घेऊन ती तिकडं गेली. जाताना आईशी भांडली नाही. भांडली असती तर कालिंदीबाईंना बरं वाटलं असतं.

पुढच्या दोन खोल्या मोकळ्या झाल्या. अंबादासनं या वेळी हयगय केली नाही. बँकेतला एक अधिकारी आणला, बदलीचा. अनामत घेतली, करार नोंदवला, मीटर वेगळं करून घेतलं. भाडं वेळेवर येत होतं. बँकेवाल्याची बायको कालिंदीबाईंना आंटी म्हणायची. संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन आली तेव्हा कालिंदीबाईंनी तो दारातच घेतला, आणि ताटली लगेच धुऊन परत दिली.

अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत मंडईत एका भाजीवालीनं सहज बोलता बोलता सांगितलं की तुमच्या पुढं राहत होता तो आकाराम गेला. दिवसही होऊन गेले होते. कालिंदीबाई भाजीची पिशवी तशीच घेऊन कळंब्याच्या गाडीत बसल्या.

खोली शोधायला वेळ लागला. तानाबाई दारात तांदूळ निवडत होती. कपाळ मोकळं होतं, केस एकदम पांढरे झाले होते. तिनं त्यांना बघितलं, सूप बाजूला ठेवलं, आत जाऊन सतरंजी आणली. चहा ठेवला. आकारामचं शेवटचं दुखणं कसं झालं ते तिनं शांतपणे सांगितलं. सरकारी दवाखान्यात नेलं होतं, श्वास लागत होता, फार दिवस काढले नाहीत. कालिंदीबाईंनी विचारलं की मला का नाही कळवलं. तानाबाई म्हणाली की कोनासंगं कळवनार.

कप रिकामे झाल्यावर कालिंदीबाई बोलल्या. वाटेत गाडीत त्यांनी तेच ठरवलं होतं. बँकेवाल्यांची मुदत संपतेय, त्या म्हणाल्या, खोल्या मोकळ्या होतील. तुम्ही या. भाड्याचं काही नाही. माझंही आता वय झालं, घरात कोणी नाही.

तानाबाईनं कप उचलले, विसळले, पालथे घातले.

"न्हाई बाई," ती म्हणाली. "तवा भाडेकरू म्हनून आलो हुतो. कोर्टानं ते न्हाई म्हनून सांगितलं. आता काय म्हनून यू?"

कालिंदीबाईंना म्हणायचं होतं बरंच. बहीण म्हणून या, लीलाची मावशी म्हणून या. पण तसं काही तेव्हा म्हटलं नव्हतं आणि आता म्हणायला तोंड नव्हतं. त्या नुसत्या पिशवीचे बंद चाळवत राहिल्या. तानाबाईनं विषय बदलून विचारलं की लीलाची पोरगी शाळंला जाती का. जाते म्हटल्यावर तिच्या चेहऱ्यावर जरा हसू आलं. गाडीपर्यंत सोडायला ती आली. गाडी येईतो दोघी रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या, तळ्याकडून वारा येत होता, आणि तानाबाई फक्त म्हणाली की गार हाय, कान झाका.

कालिंदीबाईंनी लीलाला गारगोटीला पत्र टाकून आकारामचं कळवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत लीला यायची होती, पण सकाळच्या गाडीनं येते म्हणालेली ती संध्याकाळ झाली तरी आली नाही. कालिंदीबाई स्वयंपाक करून वाट बघत बसल्या. गारगोटीची गाडी कळंब्यावरूनच येते. लीला वाटेतच उतरली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती मुलीला घेऊन राजारामपुरीत पोचली. मुलीच्या हातात कागदात बांधलेला गूळ-शेंगदाण्याचा लाडू होता. मावशीकडं राहिलो, लीला म्हणाली. कालिंदीबाईंनी बरं म्हटलं आणि ताटं घेतली.

पुढं तसंच ठरून गेलं. सुट्टी लागली की लीला आधी कळंब्याला उतरायची, एक रात्र, कधी दोन, आणि मग आईकडं यायची. कालिंदीबाईंनी त्याबद्दल तिला कधी काही विचारलं नाही. स्वयंपाक मात्र त्या पहिल्या दिवसापासूनच करून ठेवायच्या.